बारावा नमुना

आबा, काल माळ्यावरून आईची पितळी परात काढली. घासली, पुसली आणि उगाच कापसाचा एक पुंजका तिच्यावर झटकला. बारीक टकटक झाली. बाकी काही वाटलं नाही.

आईच्या भाकऱ्या थापून झाल्या की ही परात तुम्ही मागून घ्यायचात. दौंडच्या जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरणीत, तुम्ही कापूस पारखायला होतात; तिथून आणलेला नमुन्याचा कापूस तिच्यावर झटकायचात आणि कान लावायचात. काडी वेगळी वाजते, सरकीचा तुकडा वेगळा, निव्वळ कापूस वाजतच नाही. मी मधे बडबडले की म्हणायचात, "गप बस, ऐकू दे." त्यावरूनच पुढे शिरूरच्या कारखान्यात मी आवाजावरून कचरा मोजणारं यंत्र बनवलं. हवेच्या झोताने कापूस पत्र्यावर आदळायचा, पत्र्यामागचा सेन्सर टकटक मोजायचा आणि पडद्यावर टक्के यायचे. चाचणी तुमच्याच जिनमध्ये ठरली. बारा नमुने, प्रत्येक आधी यंत्रात, मग तुमच्या परातीत.

जिनच्या धडधडीत तुमचे कान केव्हाच गेले होते, हे फक्त घरात माहीत होतं. आमच्या ओठांकडे बघून तुम्ही बोलणं ओळखायचात. त्या दिवशी मालक, माझे साहेब, हमाल, सगळे भोवती उभे. तुम्ही परातीला कान लावता आणि बघता माझ्याकडे. चारचौघांत तुमची शोभा होऊ नये म्हणून मी पडद्यावरचा आकडा नुसत्या ओठांनी सांगते. अकरा वेळा तुम्ही तोच आकडा सांगता. बाराव्याला मात्र माझ्याकडे बघतच नाही. डोळे मिटून कापूस बोटांनी उकलता आणि म्हणता, "पाच." यंत्राने तीन दाखवलेले असतात. तेवढ्यात चहा आलेला, सगळे तिकडे वळलेले. दोन्हींचे आकडे लिहायचा कागद माझ्या हातात.

संध्याकाळी चुलीपाशी तुम्ही एवढंच बोललात, "बारीक चुरा वाजत न्हाई, पोरी. त्यो हातालाच लागतो."

पुढच्या हंगामात जिनमध्ये यंत्र बसलं. बाराच्या बारा आकडे जुळले, मग माणूस कशाला, असं मालक म्हणाले. तुम्ही घरी बसलात आणि दोन वर्षांत गेलात. मला बढती मिळाली. तुमची अब्रू राखायला गेले आणि जागाच घालवली, हे मला कळतं. कळून आत काही हलत नाही, रडूही येत नाही.

बाराव्या रकान्यात काय लिहिलं, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. हे पत्र परातीखाली ठेवते. तुमच्या नावापुढे मी तीन लिहिलं, आबा.