चार नंबरचा मागचा ब्रेक

हिकरी लिक, वेस्ट व्हर्जिनिया
११ ऑक्टोबर १९९९

प्रिय डॉर्सी,

तू आणि विल्मा बरे असाल. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ख्रिसमसच्या कार्डावरून कळलं होतं. इथे मेपल लाल झालेत, सफरचंदं आटवून त्यांचं पावाला लावायचं लोणी करून झालं, दोन बरण्या तुमच्यासाठी ठेवल्या आहेत. आपलं बोलणं आता कार्डांपुरतं उरलंय, त्यामुळे एवढं जाड पाकीट बघून दचकला असशील. कोणी गेलेलं नाही. बसून वाच.

मी निवृत्त झाले ते तुला माहीत आहे. छत्तीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्या, त्यामुळे हात रिकामे राहिले की मला वेड लागायची पाळी येते. म्हणून मागच्या वर्षी एक मोठं मॉडेल आणलं. शे जातीचं दातेरी वाफेचं इंजिन, खऱ्याच्या विसाव्या हिश्शाचं, हातभर लांब, उचलायला तान्ह्या मुलाएवढं जड. डॅडी चालवायचे त्या आपल्या चार नंबरच्याच बनावटीचं. उजव्या अंगाला तीन उभे सिलिंडर, त्यांच्या खालून जाणारा लांब दांडा, प्रत्येक चाकाला दात्यांनी जोडलेला. फक्त कारखान्यातून आलं ते सोनेरी रेघा ओढलेलं, नवरदेवासारखं नटलेलं. आपलं चार नंबर असं कधी होतं रे?

मी ते सोललं. रंग खरवडला, केबिनचं छप्पर कापून फळ्यांचं केलं, डॅडींच्या बाजूला पत्र्याचं ठिगळ लावलं. कोळशाच्या पेटीच्या कडा वाढवल्या. खडूची पूड चोळून चोळून गंज आणला. चौदा महिने स्वयंपाकघराच्या टेबलावर जेवण नाही, नुसत्या कानशी आणि पक्कड. मागच्या चाकांचा ब्रेक सगळ्यांत शेवटी केला. दातांचं धातूकाम करतो तसा मेणात कोरून ओतला, झिजून पात्यासारखा झालेला. त्याचा तुटका दांडा तारेने बांधला. पाच पिळे.

माझं बोलणं कुठे चाललं आहे ते तुला आता कळलं असेल. पत्र खाली ठेवू नकोस.

गावच्या स्टेशनात जुन्या लाकूड-रेल्वेचं संग्रहालय आहे, ते डागडुजी करून दोन तारखेला पुन्हा उघडायचं होतं. व्हर्जिल टेटर त्याचा अध्यक्ष आहे. त्यानेच मॉडेल मागितलं होतं. मी नेऊन ठेवलं आणि खाली पाटी लावली: ‘चार नंबर, ९ मे १९५२ च्या सकाळी जसं होतं तसं. मागचा ब्रेक तारेने बांधलेला. ड्रायव्हर ओकी हॅमरिक यांनी ब्रेकबद्दल दोनदा तक्रार केली होती.’

व्हर्जिल कितीतरी वेळ वाकून बघत राहिला. म्हणाला, “नेड्रा, हात आहेत की काय तुझे! फक्त ती तार तेवढी काढ बाई. वाईट दिसते.”

“तशीच होती.”

“तुला काय माहीत? तू तेव्हा बारा वर्षांची होतीस.”

“बारा वर्षांच्या मुलीला डोळे नसतात का?”

“अगं, लोक नातवंडांना घेऊन केक खायला येणार. जुनी मढी कशाला उकरतेस?”

“एकच मढं आहे, व्हर्जिल. इमरी पाइल्सचं. आणि ते उकरायचंच आहे मला.”

संग्रहालयाच्या समितीने मतदान घेतलं. चार विरुद्ध एक. तार काढा, पाटी बदला. मी इंजिन काखोटीला मारलं आणि समोरच्या न्हाव्याच्या दुकानात गेले. हार्लन न्हाव्याने खिडकीतल्या तेलाच्या बाटल्या बाजूला करून इंजिनाला जागा केली. दोन तारखेला संग्रहालयात केक होता, गर्दी हार्लनच्या खिडकीशी.

आता त्या सकाळचं. तुला सांगायची गरज नाही, पण आपल्या घरात कोणी हे कागदावर आणलंच नाही, म्हणून मी आणते. डॅडी जेवणाचा डबा विसरले होते, तो द्यायला मी शेडवर गेले. ते लाकूड कंपनीच्या सुपरिंटेंडेंटला सांगत होते, “मागचा ब्रेक गेलाय. मी ओंडक्यांची गाडी डोंगरावरून खाली आणणार नाही.” तो म्हणाला, “मग संध्याकाळपर्यंत कंपनीचं घर रिकामं कर.” मी डॅडींच्या अंगाला अगदी चिकटून उभी होते. कॉफीचा वास येत होता. फक्त कॉफीचा.

दुपारी उतारावर गाडी सुटली. डॅडींसोबत तूही गाडीवर होतास; तू उडी मारलीस, डॅडी शेवटपर्यंत केबिनमध्ये राहिले आणि तरी वाचले, आणि मागच्या डब्यावरचा इमरी ओंडक्यांखाली गेला. चौथ्या दिवशी तू कंपनीच्या कागदावर सही केलीस, की ड्रायव्हर प्यायलेला होता.

अपघात आणि तुझी सही, एवढं गावाला माहीत आहे. जे माहीत नाही ते असं, की मी डबा घेऊन आले तेव्हा तू चाकांखाली आडवा पडून ती तार बांधत होतास. पाच पिळे मी मोजले. तुझ्यावर हुकूम होता, तू एकोणीस वर्षांचा होतास, हे मी विसरलेले नाही. पण डॅडींनी तारेचा उल्लेख कधी का केला नाही, याचा विचार केलास? तार म्हटली की ती कोणी बांधली हे विचारलं गेलं असतं. तुला वाचवायला ते दारुडे ठरले. नऊ वर्षं तसेच जगले आणि तसेच गेले. आणि मी? मम्मा म्हणाली, गप्प बस, आणि मी बसले. सत्तेचाळीस वर्षं. तुझ्यापेक्षा फार चांगली निघाले नाही मी.

गेल्या गुरुवारी रुबी पाइल्स दुकानात आली. इमरीची बायको. ब्याऐंशी वर्षांची आहे, वॉकर घेऊन चालते. आपल्या घरातल्या कोणाशी ती त्या दिवसापासून बोललेली नाही. हार्लनने मला बोलावून घेतलं. तिने इंजिन खिडकीतून काढायला लावलं, चष्मा कपाळावर सारला आणि बोटाने तार चाचपली.

“एवढीशीच?”

“एवढीशीच, रुबी.”

“ओकी प्यायला नव्हता?”

“नव्हता.”

“कोणी बांधली ही?”

डॉर्सी, तुला न विचारता मी सांगितलं. “माझ्या भावाने. हुकमावरून.”

ती खुर्चीत बसली. रडली नाही. मग म्हणाली, “तुझ्या बापाच्या मयताला मी शेजारणींना जाऊ दिलं नव्हतं. ते आता कसं फेडू?” आणि जरा वेळाने, “त्या पोराला सांग, माझ्या दारात यायचं आणि स्वतःच्या तोंडाने बोलायचं. आणि फार वाट बघायला लावू नको म्हणावं, माझ्याकडे तेवढा वेळ नाही.”

सदुसष्टीला आलेल्या तुला ती अजून पोर म्हणते.

परवा व्हर्जिल पुन्हा आला होता. म्हणाला, पाटी राहू दे, निदान तार तरी काढ, मग परत आत घेऊ. मी सांगितलं, आत यायचं तर तारेसकट, नाहीतर हार्लनची खिडकी आम्हाला पुरेशी आहे. पाय आपटत गेला. जाऊ दे.

पाटीवर तुझं नाव मी घातलेलं नाही, घालणारही नाही. ते सांगणं तुझं आहे. पण कोणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, आणि गप्प तर मुळीच बसणार नाही. रागावलास तर रागाव. फोन आपटलास तरी चालेल, आधी कर तरी. आणि आलास तर रुबीच्या दारापर्यंत मी तुझ्यासोबत चालेन. दार मात्र तू वाजवायचंस.

ओकी हॅमरिकची मुलगी,
आणि अजूनही तुझी बहीण,
नेड्रा