गुण पायाचा नव्हता

अप्पा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं तुमच्याशी भांडण मिटलेलं नाही. म्हणून आज लिहायला बसले आहे.

मी पायाळू जन्मले, आधी पाय आणि मग डोकं, यात माझी करामत काहीच नव्हती. पण पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते असा आपल्याकडे समज, आणि तुमचा तर त्यावर देवाइतका विश्वास. दाजीबानपेठेत कापडाच्या दुकानात तुम्ही कारकून होता. तिथल्या हमालांची गठ्ठे उचलताना कंबर धरली की ते सकाळी आपल्या अंगणात येऊन पालथे पडत. "लाव की ग पाय, शाळेला मग जा," तुम्ही म्हणायचात, आणि मी बापाच्या वयाच्या माणसांच्या पाठीला डोळे मिटून पाय लावायची. लाजेनं मेल्यासारखं व्हायचं. काही दिवसांनी ते ताठ चालत येऊन तुम्हाला नमस्कार करत. ताणलेला स्नायू जरा आराम मिळाला की बहुतेकदा आपला आपणच सुटतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्हाला ते कधी ठाऊक करून घ्यायचंच नव्हतं.

मग आई न्हाणीतल्या ओल्या फरशीवर घसरली. घोटा मुरगळला आणि बघता बघता टम्म सुजला. तुम्ही तेल तापवायला सांगितलंत, चोळायला न्हाव्याला बोलावणं धाडलंत, आणि मला म्हणालात, "बघत काय बसलीस? पाय लाव." शाळेतल्या कवायतीच्या बाईंनी आम्हाला पट्ट्या बांधायला शिकवलं होतं. हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे बंध मुरगळल्यावर ताणतात, कधी फाटतात, आणि पहिल्या दिवशी चोळलं-शेकलं तर सूज वाढते, असं त्यांनी बजावलं होतं. मी आईचा पाय मांडीवर घेतला. "कुणी चोळायचं नाही," म्हणाले.

"कोण शिकवलं तुला उलट बोलायला?"

"उलट नाही अप्पा, बरोबर बोलायलेय मी."

आई कळवळत होती, तरी मध्ये पडली. "अहो, असू द्या. तिच्या हातानं बरं वाटायलंय." न्हावी दारातूनच परत गेला आणि तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. मी गार पाण्यात पंचा भिजवून घोट्यावर ठेवत राहिले, जुन्या लुगड्याची पट्टी बांधली, बोटं बधिर होत नाहीत ना ते विचारत राहिले, पाय उशीवर उंच ठेवला. सूज उतरल्यावर आईला घोटा हळूहळू फिरवायला लावला. ती आपल्या पायांनी तुळशीपर्यंत गेली तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

आणि तुम्ही दुकानात काय सांगितलंत? "माझ्या पोरीच्या पायाचा गुण." मी तुमचा डबा घेऊन तिथंच उभी होते. आईला मी पाय लावलाच नव्हता, आणि तुम्ही ते डोळ्यांनी बघितलं होतं. त्याच संध्याकाळी मी सांगितलं की मला इस्पितळात नर्सचं काम शिकायचं आहे. "परक्यांच्या अंगाला हात लावणार तू?" तुम्ही कडाडलात. परक्यांच्या अंगाला माझा पाय चालत होता अप्पा, हात तेवढा चालत नव्हता. तरी मी गेले. घरचा दरवाजा लावून घेतलात, तरी गेले.

म्हातारपणी तुमचीच कंबर धरली तेव्हा मी रजा काढून आले. तुम्ही पालथे पडून वाट बघत होता. मी पाय लावला नाही. मिठाची पुरचुंडी गरम करून शेकलं, अंगणात थोडंथोडं चालवलं. तुम्ही बरे झालात आणि समाचाराला आलेल्या शेजारच्या अक्कांना म्हणालात, "पायाळू आहे ती. गुण यायचाच." मी चूल फुंकत बसले.

तेव्हा वाकले नाही, आजही वाकणार नाही. पोस्टात टाकण्यासारखं हे पत्र नाही, फाडून टाकीन. पण एवढं कबूल करते. या हातांनी बरी झालेली किती माणसं दुवा देऊन गेली, आणि मी मात्र दर वेळी तुमच्या तोंडून 'गुण तुझ्या हातांचा' हे ऐकायची वाट बघितली. अजून बघते आहे.