ट्रॉलीवरची होडी

रविवार, दिवेलागण

आज धरणावर जळलो, आणि मुकाट्यानं जळलो. रशीदभाई फळवाले आपली शिडाची होडी काठालाच बांधून ठेवतात. राखणीचे महिन्याला दीड हजार भोयांना देतात. मी त्यांना हसायचो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवून वर आलेला माणूस मी. होडीसाठीही ट्रॉली घरीच बनवली. गेवराईहून जीपला जोडून न्यायची, सगळं फुकट! फुकट कसलं? डिझेल जळतं, आणि डोलकाठी उभी करण्यात तास जातो.

रशीदभाई चहा पिऊन थेट होडीत बसले. "काय मिस्त्री, अजून पान्हेच फिरवायलाव का?" त्यांच्या बायकोनं हिलाही हाक मारली, आणि ही गेली. मी चिखलात रुतलेलं चाक काढतोय आणि पाण्यावरून हिचं हसणं येतंय. माझ्या होडीत अशी कधी हसली? पाण्यावर आवाज लांब जातो, त्यात माझे कान तिखट. ही सांगत होती, "आमच्या ह्यांचा जीव होडीपेक्षा ट्रॉलीतच जास्त." पुन्हा तेच हसणं.

माझी होडी पाण्यात उतरेस्तोवर वारा पडला होता.

शेवटी म्हाताऱ्या भोयाला बाजूला घेऊन विचारलं, काठाला जागा आहे का.

"हाय की. रशीदभाईंनी आपल्या शेजारची जागा तुमच्यासाठीच धरून ठिवलीय. म्हणले, मिस्त्री आज ना उद्या येतील."

होडी तिथंच बांधून आलो. पण त्यांना धन्यवाद म्हणायला जीभ वळली नाही. होडी चांगली, वारा त्यांचा, आणि वर माणूसही चांगला असावा?