कडुनिंबाचं पाणी ओतून दिलंय

राजसी,

आईंनी तुझ्यासाठी उकळून ठेवलेलं कडुनिंबाचं पाणी मी ओतून दिलंय. तुलाही खाली खाज सुटलीय, हे त्यांच्याकडूनच कळलं. मीही चार महिने तेच केलं. त्या पाण्याने धुतलं, दही लावलं, शेवटी लसूणसुद्धा. आग होऊन कातडी सोलवटली. तुझा दादा "स्वच्छ राहत नाहीस" म्हणाला आणि उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेला.

काल कॅम्प तीनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी माझं रक्त तपासलं. शुगर निघाली, म्हणून ती खाज सारखी उलटत होती. आईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "बाहेर कशाला दाखवलंस?"

मी बेलवलीला माहेरी चाललेय. दादाने विचारलं तरच सांग. तू उद्या अकराला डॉक्टरबाईंकडे ये. मी माहेरून येऊन दाराशी उभी असेन.

वहिनी