पाचव्या दिवसाची नोंद

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

या खोक्यात नमुन्याचा सर्व्हर आहे. तुमच्या विद्यापीठाच्या क्लस्टरसाठी असे चाळीस एकत्र जोडायला लागणार हे कळल्यापासून माझी झोप उडाली आहे. ऑर्डर मिळाली तर दुकान तगेल, नाहीतर शटर ओढून पुन्हा कुणाची तरी नोकरी धरावी लागेल. तुमच्या लिनक्स प्रणालीवर प्रत्येक भाग चालतो, हे तिला चालणाऱ्या भागांच्या यादीशी ताडून पाहिलं आहे.

मी तुझा भाऊ असल्याचं तू तुझ्या साहेबांना आधीच सांगून टाकलंस म्हणे. बरं केलंस. लहानपणी माझी गणितं तपासताना तू अर्धा गुणही सोडला नाहीस, आता चाळिशीत तरी जरा दया येऊ दे. आई रोज विचारते, ताईकडून ऑर्डरचं काही कळलं का. मी हसून वेळ मारून नेतो.

खोका उघडल्यावरही लोभ असाच राहावा.

तुझा खुडबुड्या

१५ जून

चि. खुडबुड्यास,
अनेक आशीर्वाद.

फोन मुद्दाम केला नाही. तुझा आवाज ऐकला असता तर मी पाघळले असते.

आमची रीत तुला ठाऊक आहे. येईल त्या मशीनवर आमचंच लिनक्स घालायचं आणि सात दिवस पूर्ण भार देऊन पळवायचं. तुझं मशीन चार दिवस दृष्ट लागावी असं चाललं. पाचव्या दिवशी सकाळी त्याचं नेटवर्क कार्ड मुकं झालं. पंखे फिरत होते, दिवे लुकलुकत होते, पण शेजारच्या मशीनला उत्तर नाही. बंद करून चालू केलं, तर लगेच सुरळीत. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. नोंदवही समोर घेऊन मी अर्धा तास नुसती बसून होते.

आमच्याकडे एक संशोधक बाई नव्या औषधावर काम करतात. त्यांचं एक गणित चाळीसही मशीन मिळून तीन आठवडे सोडवणार. त्यातलं एक जरी गप्प झालं तरी सगळं पहिल्यापासून. शेवटी मी लिहिलं, पाचवा दिवस, नापास. मशीन परत पाठवते आहे.

तुझ्या दुकानाच्या विचाराने घास गिळवत नाही. आईला तूच सांग, माझ्याच्याने होणार नाही.

राग आला तर येऊ दे, बोलणं मात्र टाकू नकोस.

तुझी ताई

२१ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मशीन आणि पत्र दोन्ही पोचलं. एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. खोक्यात घालण्याआधी ते माझ्याकडेही एकदा मुकं झालं होतं. बंद करून चालू केलं, चाललं. होतं एखादे वेळी असं, अशी स्वतःची समजूत घातली आणि खोक्याला चिकटपट्टी लावली.

मग इथे बसून दिवस मोजत होतो. पाचवा गेला, सातवाही गेला, तुझं पत्र नाही. ऑर्डर मिळणार म्हणून आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच, मला धडकी भरली, की माझ्यापायी तू डोळेझाक केलीस. तुझं नापास वाचलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

आईला सगळं सांगितलं, चिकटपट्टीसकट. त्या रात्री माझं ताट तिनेच वाढलं. दुसरं कार्ड घालून मशीन मागच्या खोलीत पळतंय, आज तिसरा दिवस. नमुना पाठवायची तुमची मुदत टळली हे ठाऊक आहे. दुकानाचं काय होईल ते सांगता येत नाही. पण या वेळी नोंदवही मीही घातली आहे, आणि पहिल्या पानावर तुझ्याकडची पाचव्या दिवसाची नोंद उतरवून घेतली आहे.

लोभ अर्ध्या गुणानेही कमी करू नये, ही विनंती.

तुझा खुडबुड्या