मंगळवारचे तीन डॉक्टर

३ फेब्रुवारी १९८७, गुलबर्गा

एकदाचे तिघं एका खोलीत सापडले! सहा महिने दारं झिजवली. एक म्हणाला वात, दुसरा म्हणाला साखर. या दवाखान्यात नवी सोय झालीय — रक्ताच्या नळ्यांचा रोग असला की शस्त्रक्रियेचे, काळजाचे आणि साखरेचे असे तीन डॉक्टर दर मंगळवारी एकत्र बसून बघतात. बघतात म्हणजे काय, माझ्या काळ्या अंगठ्यावर वाकून आपसात इंग्रजी झाडतात. मी सातवीला शिकवते. पण विचारायचं ते सगळं नवऱ्याला!

"बीडी ओढती काय?" असं विचारून मोठे डॉक्टर स्वतःच हसले. तंबाखू खाते का? "न्हाई साहेब, सुपारीचं खांडबी न्हाई खात." खरंच होतं, मीही मान हलवली. दिवसाला दोन कट्टे विड्या फुंकणारा माणूस माझी साक्ष देत होता. त्याचे दोन्ही पाय ठणठणीत!

१० फेब्रुवारी

मोठे डॉक्टर रजेवर. सिस्टर म्हणाली, "तिघांची सही लागते अम्मा, पुढच्या मंगळवारी." अंगठ्याला कुठला वार कळतो?

नवरा गावाकडं, निर्ण्याला परत गेला. घर चौदा वर्षांची लेक गीता बघते. बसमधून उतरून शाळेपर्यंत दोन मैल चालावं लागतं. पाय गेला तर शाळा गेली. आमच्या वस्तीतली पहिली मास्तरीण मी — मला आता खुर्चीवर बसवून कोण ठेवणार?

१७ फेब्रुवारी

साखर नाही. काळीज धड. आणखी दोन बोटं काळी. हा रोग तंबाखूचा म्हणे; विडी न ओढणाऱ्या बाईला कसा झाला, म्हणून तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. भारी एकी!

१९ फेब्रुवारी

सकाळी तोंड धूत होते. वॉर्डातली आया निलम्मा पाणी भरायला आली.

"अक्का, दाताला काय लावायलीस?"

"मिश्री."

"अगं, तंबाखूच की ती! तव्यावर जाळलेली!"

"मी कुठं खायलेय? लावते, थुकते."

ती डबी घेऊन तरातरा सिस्टरकडं गेली. मी नळाशी तशीच उभी, तोंडात काळा फेस. लग्नाआधीपासून लावते. सकाळी, दुपारी, जेवल्यावर. आई लावायची, सासू लावायची. तिला तंबाखू कोण म्हणतं?

२० फेब्रुवारी

मंगळवार नसताना तिघं आले! मोठ्यांनी डबी हुंगली आणि सगळ्या वॉर्डासमोर मला झाडलं. शिकलेली बाई तू, कामून सांगितलं न्हाईस?

कुणी विचारलं? तिघं मिळून पंधरा दिवस पायच बघत होते. दात एकानं बघितले नाहीत. बघितले निलम्मानं, अंगठा लावून पगार घेणाऱ्या बाईनं. पण खोटं कशाला लिहू? इतके दिवस डबी माझ्याच उशीखाली होती. स्वतःचाच राग राग येतो.

आता उशीर झालाय म्हणतात. तिघांच्या सह्या लगेच झाल्या.

२४ फेब्रुवारी

काढला. गुडघ्याखाली.

५ मार्च

गीताचं पत्र आलं —

"आई, काळजी करू नको. तुझी मिश्री भाजून बाटली भरून ठेवलीय. तुझी लई आठवण येते, म्हणून मीबी लावायलेय. पहिल्यांदा घेरी आली. आता न्हाई येत."