बोट माझ्याकडे होतं

झरी, फेब्रुवारी २०१५

संगिते,

निवडून आलीस, बरं झालं. प्रचारात तलासरीच्या बाजारात समोरच्या पक्षाचा माणूस ओरडला, "ही काळी जंगली बाई काय तालुका चालवणार?" मी पुढे पत्रकं वाटत होते, त्यामुळे मलाच उमेदवार समजून त्याने माझ्याकडे बोट केलं. तू गोरी, मागे उभी होतीस.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवाल्यांपुढे तू रडलीस. "मला काळी म्हणाले, आम्हा आदिवासींचा अपमान केला." सगळे पाडे तुझ्यासाठी पेटून उठले. लहानपणी गोरी म्हणून तुझे लाड व्हायचे आणि काळी म्हणून मला हसायचे. आता माझं काळेपणही तूच नेलंस.

काल तुमचा कार्यकर्ता विनोद आला. म्हणाला, "ॲट्रॉसिटीची केस करायची आहे. संगिताताईंना शिवी दिली, अशी साक्ष द्या."

मी पोलीस ठाण्यात गेले आणि सांगितलं, "शिवी दिली हे खरं. पण ती मला दिली. फिर्याद माझी लिहा."

तुला हे पोलिसांकडूनच कळू दे, म्हणून पत्र पाठवत नाही.

फिर्याद लिहिताना ठाण्यातल्या साहेबांनी माझं पूर्ण नाव विचारलं. एवढ्या निवडणुकीत ते कोणीच विचारलं नव्हतं.

तुझी थोरली बहीण,
चंद्रिका